घामाची भरपाई: साधे पाणी की स्पोर्ट्स ड्रिंक?

खेळताना शरीरातून गेलेले पाणी भरून काढायला साधे पाणी पुरते की त्यासाठी स्पोर्ट्स ड्रिंकच लागते, याचे उत्तर तीन गोष्टींवर ठरते: खेळ किती वेळ चालतो, घाम किती येतो आणि खेळाडू पोटात काय घालून मैदानात उतरला आहे. तासाभरात आटोपणाऱ्या खेळाला साधे पाणी पुरते. दीड-दोन तासांच्या पुढे साखर आणि मीठ उपयोगी पडू लागतात. मात्र तेव्हाही बाटलीतली साखर तहानेपेक्षा भुकेचे काम अधिक करते. स्पोर्ट्स ड्रिंक म्हणजे पाण्यात विरघळवलेले थोडे अन्न आणि चिमूटभर मीठ, हे ध्यानात ठेवले की जाहिरातीतला दावा आणि खरा उपयोग वेगळे करता येतात.

वसई-विरार पट्ट्यात हा प्रश्न आता घरोघरचा झाला आहे. इथली महापौर मॅरेथॉन २०११ साली सुरू झाली. ४२.१९५ किलोमीटरची पूर्ण आणि २१ किलोमीटरची अर्ध मॅरेथॉन धावायची तर महिनोन् महिने सराव करावा लागतो. विरार स्टेशनहून अर्नाळ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे आगाशी हे केळीच्या वाड्यांसाठी पूर्वापार ओळखले जाणारे गाव. समुद्र जवळ, झाडी दाट आणि हवा बाराही महिने ओलसर. अशा हवेत धावणाऱ्याला, कबड्डी खेळणाऱ्याला किंवा दिवसभर क्रिकेटच्या मैदानात उभे राहणाऱ्याला किती आणि काय प्यावे, हे नेमके कळणे गरजेचे आहे.

दमट हवेतला घाम

स्नायू काम करतात तेव्हा अन्नातून मिळालेल्या ऊर्जेचा जेमतेम चौथा हिस्सा हालचालीत जातो, उरलेल्याची उष्णता होते. ती बाहेर टाकण्याचा शरीराचा मुख्य मार्ग म्हणजे घाम. एक लिटर घाम कातडीवरून पूर्ण वाळला, तर सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता बरोबर घेऊन जातो. यात वाळणे महत्त्वाचे. कपाळावरून टपकून जमिनीवर पडलेला घाम शरीराला थंड करत नाही. तो फक्त पाणी आणि मीठ घेऊन जातो.

कोरड्या हवेत घाम झटकन वाळतो. किनाऱ्यावरच्या दमट हवेत तो कातडीवर साचून राहतो, म्हणून शरीर आणखी घाम सोडते. पुणे किंवा नाशिकच्या कोरड्या थंडीत सहज दहा किलोमीटर धावणारा माणूस अर्नाळ्याच्या रस्त्यावर तेवढ्याच अंतरात घामाघूम होतो, त्याचे कारण हे आहे.

व्यायामात घाम साधारणपणे तासाला अर्ध्या ते दोन लिटरपर्यंत येतो. माणसामाणसांत फरक मोठा असतो. वजन, वेग, हवा आणि सवय या सगळ्यांचा त्यावर परिणाम होतो. घामात सर्वाधिक प्रमाण पाण्याचे, त्यानंतर मिठाचे. एका लिटर घामात सोडियम काहींच्या बाबतीत ५०० मिलिग्रॅमच्या आसपास, तर काहींच्या बाबतीत १,८०० मिलिग्रॅमपर्यंत असते. बहुतेकांचा आकडा एक ग्रॅमच्या आगेमागे येतो. पोटॅशियम मात्र बरेच कमी, लिटरमागे १५० ते ३०० मिलिग्रॅम. काळ्या टी-शर्टवर वाळलेल्या घामाचे पांढरे पट्टे उमटतात, ते याच मिठाचे. ज्यांच्या कपड्यांवर असे पट्टे नेहमी ठळक दिसतात, त्यांचा घाम जास्त खारट असण्याची शक्यता असते.

पाणी आतड्यातून रक्तात कसे जाते

प्यायलेले पाणी तोंडातून थेट रक्तात जात नाही. आधी ते जठरातून लहान आतड्यात उतरावे लागते आणि तिथे शोषले जावे लागते. साधे पाणी जठरातून लवकर उतरते. पेयात साखर जितकी जास्त, तितका हा उतार मंदावतो. साखरेचे प्रमाण ८ टक्क्यांच्या वर गेले, म्हणजे एका लिटरमध्ये ८० ग्रॅमहून जास्त साखर असली, तर धावताना पोट जड वाटते, डुचमळते आणि कधी मळमळही होते.

आतड्यात मात्र थोडी साखर आणि थोडे मीठ मदतीला येतात. आतड्याच्या अस्तरात एक प्रथिन असते. ग्लुकोज आणि सोडियम जोडीने आले तरच उघडणारे दार, असे त्याचे काम चालते. हे दोघे आत गेले की त्यांच्यामागोमाग पाणीही आत ओढले जाते. रॉबर्ट क्रेन या शास्त्रज्ञाने ऑगस्ट १९६० मध्ये प्राग येथे ही कल्पना मांडली. जुलाबाच्या रुग्णांना पाजली जाणारी जलसंजीवनी म्हणजेच ओआरएस याच तत्त्वावर उभी आहे. १९७१ च्या बांगलादेश युद्धात पश्चिम बंगालमधील बनगाव येथे निर्वासितांत कॉलरा पसरला. सलाइनच्या बाटल्या संपत आल्या. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी ग्लुकोज, मीठ आणि खाण्याचा सोडा पाण्यात मिसळून रुग्णांना पाजायला सुरुवात केली आणि सुमारे ३० टक्के असलेला मृत्युदर ४ टक्क्यांच्या खाली आला.

जुलाब आणि घाम यांत मात्र मोठा फरक आहे. कॉलऱ्यात काही तासांत अनेक लिटर पाणी आणि भरमसाट मीठ निघून जाते आणि आतडे स्वतःच आजारी असते. धावणाऱ्याचे आतडे निरोगी असते, त्यामुळे साधे पाणीही ते चांगल्या वेगाने शोषते. ओआरएसने जीव वाचतो, म्हणून त्याच जातीच्या प्रत्येक पेयाने खेळाडूचा फायदाच होईल, हा तर्क टिकत नाही.

बाटलीचा जन्म

पहिले नावाजलेले स्पोर्ट्स ड्रिंक १९६५ साली अमेरिकेतील फ्लोरिडा विद्यापीठात तयार झाले. उकाड्यात सराव करणारे तिथले फुटबॉल खेळाडू घामाने बेजार होत, वजनात घटत आणि सामन्यानंतर त्यांना लघवीही होत नसे. प्रशिक्षकाने याचे कारण विचारले तेव्हा डॉ. रॉबर्ट केड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाणी, साखर, मीठ आणि लिंबाचा रस यांचे मिश्रण केले. संघाच्या ‘गेटर्स’ या नावावरून त्याला ‘गेटोरेड’ म्हणू लागले. जानेवारी १९६७ मध्ये संघाने ऑरेंज बाउल ही मानाची लढत जिंकली आणि पेयाचे नाव देशभर झाले. पुढे ते मोठ्या कंपन्यांच्या हाती गेले, कंपनीची स्वतःची क्रीडाविज्ञान संस्था उभी राहिली आणि तहान लागण्याआधीच प्यावे, हा संदेश जगभर पसरला. २०१२ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’ने या दाव्यांची झाडाझडती घेतली, तेव्हा त्यांतल्या बऱ्याच दाव्यांमागचा पुरावा तोकडा असल्याचे दाखवून दिले.

आजच्या सर्वसाधारण स्पोर्ट्स ड्रिंकमध्ये लिटरमागे सुमारे ६० ग्रॅम साखर आणि ४०० ते ५०० मिलिग्रॅम सोडियम असते. जागतिक आरोग्य संघटनेने २००२ मध्ये ठरवून दिलेल्या ओआरएसमध्ये लिटरमागे ग्लुकोज केवळ १३.५ ग्रॅम आणि सोडियम सुमारे १,७०० मिलिग्रॅम असते. म्हणजे स्पोर्ट्स ड्रिंकमध्ये साखर चौपटीहून अधिक आणि मीठ चौथ्या हिश्शाच्या आसपास, असा हा फरक आहे. घामात जितके सोडियम जाते, त्याच्या निम्मेच या पेयातून परत येते. ते जास्त घातले तर चव बिघडते आणि बाटली खपत नाही.

मोजमाप काय सांगते

कोणते पेय शरीरात अधिक वेळ टिकते, याची सरळ तपासणी ब्रिटनमधील संशोधकांनी २०१६ साली प्रसिद्ध केली. ७२ तरुणांना वेगवेगळ्या दिवशी एक-एक लिटर पेय अर्ध्या तासात प्यायला दिले आणि पुढचे काही तास त्यांची लघवी मोजली. साधे पाणी, चहा, कॉफी, कोला, बिअर, संत्र्याचा रस, दूध, ओआरएस, स्पोर्ट्स ड्रिंक अशी १३ पेये तपासली गेली. पाण्याहून निश्चित सरस ठरली ती ओआरएस आणि दूध, मग ते साय काढलेले असो वा पूर्ण मलईचे. संत्र्याचा रस सुरुवातीला थोडा पुढे दिसला. स्पोर्ट्स ड्रिंक मात्र साध्या पाण्याच्याच पंक्तीत बसले.

याचे कारण मूत्रपिंडाच्या कामात आहे. एकदम भरपूर साधे पाणी प्यायले की रक्त किंचित पातळ होते. मेंदू ते ओळखतो, पाणी धरून ठेवणारे संप्रेरक कमी करतो आणि मूत्रपिंड जादा पाणी बाहेर टाकते. पेयात पुरेसे सोडियम असले की रक्त तितके पातळ होत नाही आणि पाणी टिकते. ओआरएसमध्ये ते भरपूर आहे. दुधात सोडियम आणि पोटॅशियमसोबत प्रथिने आणि स्निग्धांश असतात, त्यामुळे ते जठरातून सावकाश उतरते. स्पोर्ट्स ड्रिंकमधले सोडियम एवढा फरक पाडण्याइतके नसते.

ही तपासणी बसून राहिलेल्या माणसांवर झाली होती. व्यायाम चालू असताना मूत्रपिंडाकडे जाणारा रक्तपुरवठा कमी होतो आणि लघवी तशीही कमी बनते. म्हणून खेळताना प्यायलेले साधे पाणी फारसे वाया जात नाही. धावताना स्पोर्ट्स ड्रिंकचा एक फायदा मात्र खरा आहे: गोड आणि किंचित खारट पेय माणूस अधिक पितो. ज्यांना पाण्याचा घोट नको वाटतो, अशांकडून आणि विशेषतः मुलांकडून, चव असलेले पेय जास्त प्यायले जाते. पण हा फायदा चवीचा आहे आणि तो लिंबाच्या फोडीनेही मिळू शकतो.

खेळ संपल्यानंतरचे गणित निराळे. वजन एक किलोने घटले असेल, तर त्यानंतरच्या काही तासांत सव्वा ते दीड लिटर द्रव प्यावा लागतो, कारण काही भाग लघवीवाटे जातोच. या वेळी मीठ गरजेचे असते, परंतु ते बाटलीतूनच यायला हवे असे नाही. वरण-भात, भाकरी-भाजी, माशाचे कालवण, लोणच्याची फोड यांतून एका जेवणात जेवढे मीठ पोटात जाते, तेवढे अनेक बाटल्यांतूनही येत नाही. जेवणासोबत प्यायलेले साधे पाणी शरीरात उत्तम टिकते.

साखर: पाणी नव्हे, अन्न

स्पोर्ट्स ड्रिंकचा भक्कम पुरावा तहानेच्या नव्हे, दमाच्या बाजूने आहे. स्नायू आणि यकृतात ग्लायकोजेनच्या रूपाने साठवलेली साखर जोरदार व्यायामात दीड-दोन तासांत खालावते. मग पाय शिशासारखे होतात. मॅरेथॉन धावणारे तिसाव्या किलोमीटरनंतरच्या ज्या अवस्थेला भिंत लागली म्हणतात, ती बहुतांशी हीच. १९८६ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात कसलेले सायकलपटू नुसत्या चवीच्या पाण्यावर सुमारे तीन तासांत थकले. कार्बोहायड्रेट मिसळलेले पेय घेतल्यावर तेच सायकलपटू चार तास टिकले. २००४ मधील दुसऱ्या प्रयोगात खेळाडूंनी साखरेसारखे द्रावण नुसते तोंडात खळखळवून थुंकले, तरी तासाभराच्या सायकल शर्यतीत त्यांची वेळ जवळपास ३ टक्क्यांनी सुधारली. पोटात काहीच गेले नव्हते. तोंडातल्या संवेदनेवरून अन्न येत असल्याचा निरोप मेंदूला मिळाला, असा त्याचा अर्थ लावला जातो.

लांब पल्ल्याच्या व्यायामात तासाला ३० ते ६० ग्रॅम साखर किंवा पिष्टमय पदार्थ पोटात जावेत, असा सर्वसाधारण सल्ला आहे. ते द्रवरूपात जावेत की घन रूपात, याने विशेष बिघडत नाही. आगाशीच्या वाचकाला यातून एक उपयोगी गोष्ट मिळते. अमेरिकेत २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात १४ सायकलपटूंना ७५ किलोमीटरच्या शर्यतीत एकदा स्पोर्ट्स ड्रिंक दिले आणि एकदा केळी व पाणी. साखरेचे प्रमाण दोन्ही वेळा सारखे ठेवले होते. शर्यतीची वेळ दोन्हींत सारखीच आली.

आगाशीची सुकेळी याच केळीपासून होतात. पिकलेली राजेळी केळी सोलून उन्हात दिवसेंदिवस वाळवायची, रोज फिरवायची, रात्रीच्या दवापासून सांभाळायची आणि आकसून मधासारख्या रंगाची, चिकट झाली की केळीच्याच वाळक्या पानात बांधून ठेवायची, ही जुनी रीत. वाळवताना पाणी उडून जाते आणि साखर, पोटॅशियम मागे राहते. त्यामुळे लहानशा तुकड्यात पुष्कळ ऊर्जा मावते, तो खिशात मावतो आणि टिकतोही. लांब पल्ल्याच्या धावेत सुकेळ्याचा तुकडा चघळून वर पाण्याचे घोट घेणे, हे बाटलीच्या साखरेला खरेखुरे पर्यायी खाद्य आहे. धावताना चावून खाणे प्रत्येकाला जमत नाही आणि कोणते अन्न कोणाच्या पोटाला सोसेल ते सांगता येत नाही, म्हणून ते सरावाच्या दिवशी आधी करून पाहावे. शर्यतीच्या दिवशी नवे काही पोटात घालू नये, हा धावपटूंचा नियम पेयांनाही लागू आहे.

जास्त पाण्याचा धोका

पाणी कमी पडले तर नाडी वाढते, अंग तापते, वेग घटतो. वजनाच्या २ टक्क्यांहून अधिक पाणी गेले तर उकाड्यातील सहनशक्तीवर परिणाम होतो, असे अमेरिकन कॉलेज ऑफ स्पोर्ट्स मेडिसिनच्या २००७ च्या मार्गदर्शनात म्हटले आहे. प्रत्यक्ष शर्यतीत मात्र हा आकडा काळ्या दगडावरची रेघ नाही. इथिओपियाचा विख्यात धावपटू हाइले गेब्रसेलासी याने २००९ ची दुबई मॅरेथॉन जिंकली, तेव्हा त्याचे वजन जवळपास १० टक्क्यांनी घटल्याची नोंद झाली होती. तो जन्मजात गुणांचा आणि वर्षानुवर्षे मुरलेला खेळाडू होता, हे मात्र विसरता कामा नये.

उलट टोकाचा धोका कमी परिचित आणि अधिक घातक आहे. घामाहून जास्त पाणी प्यायले की रक्तातील सोडियम पातळ होते, पेशी फुगतात, मेंदूवर सूज येते. डोकेदुखी, ओकाऱ्या, गोंधळलेपणा, झटके आणि क्वचित मृत्यू, अशी त्याची वाट आहे. २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये ४८८ धावपटूंचे रक्त तपासले गेले. त्यांतील १३ टक्क्यांचे सोडियम ठरलेल्या पातळीखाली होते आणि काहींचे जिवावर बेतण्याइतके कमी होते. ज्यांचे वजन धावण्याने घटण्याऐवजी वाढले होते, त्यांना धोका सर्वाधिक होता. शर्यतीला चार तासांहून जास्त वेळ घेणारेही त्यांत अधिक होते, कारण संथ धावणाऱ्याला घाम कमी आणि पाण्याचे थांबे जास्त मिळतात. पाण्याऐवजी स्पोर्ट्स ड्रिंक पिणारेही त्यातून सुटले नव्हते. पेय कोणते यापेक्षा ते किती प्यायले, हे निर्णायक ठरले.

म्हणून तज्ज्ञांच्या २०१५ च्या एकत्रित मताने तहान लागेल तसे प्या, हाच मुख्य सल्ला दिला. शर्यतीनंतर कोणी भ्रमिष्टासारखे बोलत असेल किंवा ओकत असेल, तर त्याच्या तोंडाला पाण्याची बाटली लावण्याआधी डॉक्टरांना दाखवावे. हातपाय सुजलेले, अंगठ्या आणि घड्याळाचा पट्टा घट्ट झालेला दिसला तर पाणी जास्त झाल्याची शंका घ्यावी. अंग चटका बसेल इतके तापलेले असेल आणि शुद्ध हरपत असेल, तर तो उष्माघात. तिथे पाजण्यापेक्षा बर्फाच्या किंवा गार पाण्याने अंग तातडीने थंड करणे जीव वाचवते.

शहाळे, ताक आणि सरबत

वसईच्या पट्ट्यात नारळ मुबलक, म्हणून शहाळ्याचे पाणी हे इथले आपसूक स्पोर्ट्स ड्रिंक मानले जाते. त्यात पोटॅशियम भरपूर, लिटरमागे दोन ग्रॅमहून अधिक. साखर बेताची. सोडियम मात्र बहुधा कमी आणि नारळागणिक बदलणारे. घामातून जाते सोडियम आणि शहाळे देते पोटॅशियम, अशी ही उलटापालट आहे. तरीही तुलनात्मक तपासण्यांत व्यायामानंतर शहाळ्याचे पाणी, साधे पाणी आणि स्पोर्ट्स ड्रिंक यांत फारसा फरक आढळला नाही. शहाळे प्यावे, चिमूटभर मीठ सोबत घ्यावे किंवा वर जेवण करावे.

मीठ घातलेले ताक हे खेळानंतरचे उत्तम पेय. त्यात पाणी, सोडियम, पोटॅशियम आणि थोडी प्रथिने एकत्र मिळतात. दुधाच्या बाबतीत जे दिसून आले, त्याचेच हे सौम्य रूप. कोकम सरबत आणि लिंबू सरबत साखर-मिठाच्या प्रमाणावर अवलंबून असतात. घरचे लिंबू सरबत हे मोजून केले तर दुकानातील बाटलीच्या तोडीस तोड उतरते. एक लिटर पाण्यात सुमारे ६० ग्रॅम साखर, छोटा पाव चमचा मीठ आणि एका लिंबाचा रस घातला की साखर ६ टक्के आणि सोडियम सुमारे ६०० मिलिग्रॅम होते. मीठ अंदाजपंचे टाकू नये. चमचा सपाट भरून घ्यावा.

उसाचा रस आणि ताडाची किंवा शिंदीची ताजी नीरा यांत साखर १० टक्क्यांहून जास्त असते. ही पेये चविष्ट आहेत, पण धावता-धावता प्यायची नाहीत. खेळ संपल्यावर, किंवा निम्मे पाणी घालून घेतली तर ठीक. कॅफीनयुक्त ‘एनर्जी ड्रिंक’ हा वेगळाच प्रकार असून त्याचा तहानेशी संबंध नाही. मुलांच्या हाती तर ते देऊच नये.

दुकानातून ओआरएस घेताना पाकिटावरचे घटक वाचावेत. भरपूर साखरेची पेये ‘ओआरएस’ हे नाव लावून विकली जात. भारतीय अन्नसुरक्षा व मानके प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रात न बसणाऱ्या पेयांना हे नाव वापरण्यास मनाई केली. औषधाच्या दुकानात मिळणारी, एका लिटर पाण्यात मिसळायची पुडी हीच खरी ओआरएस. जुलाबात तीच द्यावी.

कोणी काय प्यावे

कबड्डीचा सामना ४० मिनिटांचा. खो-खोचा डावही फार लांबत नाही. अशा एका सामन्याला पाणी पुरेसे आहे. स्पर्धेच्या दिवशी एकामागून एक तीन-चार सामने पडले, तर मधल्या वेळात केळे, मीठ घातलेले सरबत किंवा ताक-भात घ्यावा. शाळकरी मुलांच्या तासाभराच्या सरावाला रंगीत बाटलीची गरज नाही. अर्ध्या लिटरच्या बाटलीत ३० ग्रॅम साखर असते. जागतिक आरोग्य संघटना प्रौढ माणसासाठी दिवसाला २५ ग्रॅमच्या आत वरची साखर राहिली तर बरे, असे म्हणते. शिवाय ही पेये आम्लधर्मी असतात आणि घोट-घोट पीत राहिल्याने दातांचे वरचे कवच झिजते.

क्रिकेटमध्ये वेळ लांबतो. विरारच्या पृथ्वी शॉने नोव्हेंबर २०१३ मध्ये हॅरिस शील्डच्या सामन्यात ५४६ धावा काढल्या, तेव्हा तो सहा तासांहून अधिक वेळ खेळपट्टीवर होता. अशा खेळीत पाण्याबरोबर साखर आणि मीठ लागतेच. जेवणाची आणि चहापानाची सुट्टी असल्याने त्याचा मोठा भाग ताटातूनही भागू शकतो.

दहा किलोमीटरच्या धावेला साधे पाणी. अर्ध मॅरेथॉनला दोन तास लागत असतील, तर सोबत थोडी साखर. पूर्ण मॅरेथॉनला पाणी, साखर आणि खारट घामाच्या माणसाला मीठही. इथे स्पोर्ट्स ड्रिंक सोयीचे आहे, कारण तिन्ही गोष्टी एका घोटात येतात. रक्तदाब, मधुमेह किंवा मूत्रपिंडाचा आजार असणाऱ्यांनी खारट-गोड पेये आणि शहाळेसुद्धा डॉक्टरांना विचारूनच ठरवावीत.

आपला घाम मोजणे

दुसऱ्याचे प्रमाण आपल्याला लागू पडत नाही. आपले प्रमाण घरच्या वजनकाट्यावर काढता येते. धावायच्या आधी लघवी करून, कमीत कमी कपड्यांत वजन करावे. तासभर धावून आल्यावर अंग पुसून पुन्हा करावे. समजा वजन आधी ६० किलो होते, नंतर ५९.२ किलो भरले आणि मध्ये अर्धा लिटर पाणी प्यायले. घटलेले ८०० ग्रॅम आणि प्यायलेले ५०० मिलिलिटर मिळून घाम झाला १.३ लिटर. एवढे सगळे धावतानाच भरून काढायची गरज नाही. वजन थोडे घटून संपले तर चालेल, वाढून संपता कामा नये.

हे माप डिसेंबरच्या पहाटे एक येईल आणि मे महिन्याच्या सकाळी दुसरे. म्हणून ऋतूप्रमाणे ते पुन्हा काढावे. उकाड्यात सराव सुरू केल्यावर दहा-चौदा दिवसांत शरीर हवेला सरावते, घाम लवकर आणि जास्त येऊ लागतो, पण त्यातले मीठ कमी होते. दिवसा लघवी फिक्या पिवळ्या रंगाची असली की पाणी पुरत आहे. सकाळी गडद असेल तर खेळायला निघण्याआधी दोन तास दोन पेले पाणी प्यावे.

खेळाडूच्या शरीरात पाणी टिकवण्याचे काम साधे पाणी आणि वेळेवरचे जेवण मिळून बहुतेक वेळा पूर्ण करतात. स्पोर्ट्स ड्रिंक त्यांची जागा घेत नाही. जिथे व्यायाम दोन तासांच्या पुढे जातो आणि ताटावर बसायला सवड नसते, तिथे ते उपयोगी आहे, आणि तिथेही केळे, सुकेळे, मोजून केलेले सरबत आणि पाणी हे काम तितक्याच चोखपणे करतात.